पलटण, गिरणी आणि मक्ता : मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलची हकिकत

बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके अशा ठिकाणी वसले आहेत की, कोकण आणि देश यांच्यामधली कोणतीही वाहती गोष्ट, मग ती आगगाडी असो, विजेची तार असो वा द्रुतगती महामार्ग असो, त्यांच्या हद्दीतून गेल्यावाचून राहत नाही. १८५६ साली खोपोलीपर्यंत रूळ आले, १८६३ साली घाटातला मार्ग पुरा होऊन मुंबई व पुणे ही दोन शहरे लोखंडाने जोडली गेली, आणि तेव्हापासून या दोन शहरांच्या वैभवाची जा-ये या मुलखातील लोक दाराशी उभे राहून पाहत आले आहेत. त्या जा-येत फुटबॉलही होता. गोऱ्या पलटणींचा होता, गिरण्यांचा व कंपन्यांचा होता, आणि शेवटी सिनेनट व भांडवलदार यांनी विकत घेतलेल्या संघांचाही होता. २००९-१० च्या मोसमात देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धेत चौदा संघ उतरले होते व त्यांतले चार मुंबई-पुण्याचे होते. पुढच्या दहा वर्षांत त्या चारांपैकी एकही उरला नाही, आणि त्यांच्या जागी जे आले त्यांतीलही बहुतेक लयास गेले. असे का झाले, याचा उलगडा व्हावयाचा तर हकिकत मुळापासूनच सांगितली पाहिजे.

खेळाडूस उघडपणे वेतन देण्यास इंग्लंडात १८८५ साली मान्यता मिळाली. वेतन सुरू झाले की दर शनिवारी गल्ला जमणे आवश्यक होते, आणि बाद पद्धतीच्या चषक-स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघास पुढे सारा मोसम रिकामे बसावे लागे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी अ‍ॅस्टन व्हिला या मंडळाचे एक संचालक विल्यम मॅकग्रेगर यांनी इतर मंडळांशी पत्रव्यवहार केला आणि १८८८ साली बारा मंडळांची पहिली साखळी स्पर्धा उभी राहिली. ही मंडळे गावांची होती. कारखान्याच्या, चर्चच्या वा शाळेच्या आश्रयाने जन्मलेली, पण ज्या वस्तीत जन्मली तिच्याच नावाने ओळखली जाणारी. कालांतराने तिथे खालच्या श्रेणीतून वर चढण्याचा आणि वरच्या श्रेणीतून खाली घसरण्याचा प्रघात पडला. अमेरिकेत मात्र बेसबॉलच्या धंद्यात १८७६ पासून दुसरीच व्यवस्था रुजली होती. तिथे साखळी स्पर्धा हीच मूळ संस्था. ती ठराविक शहरांत संघ चालविण्याचा हक्क ठराविक धन्यांस देई, त्या हक्कास बाहेरच्या कोणाची स्पर्धा नसे, आणि धनी उठून दुसऱ्या शहरी गेला तर संघही त्याच्या मागोमाग जाई. फ्रँचायझी म्हणून आज जी पद्धत सर्वतोमुखी आहे तिचे मूळ तिथे आहे. पुढे १९६८ साली अमेरिकेतील फुटबॉलनेही हाच मार्ग धरला. पेलेसारख्या महापुरुषास न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने आपलेसे केले, १९७७ साली तो संघ कलकत्त्यास येऊन मोहन बागानशी २-२ अशी बरोबरीही करून गेला. पण १९८४ अखेर ती सारी लीग कोसळली. १९९६ साली तिच्या जागी नवी लीग उभी राहिली, तीही फ्रँचायझीचीच. एकविसाव्या शतकात हिंदुस्थानने उचलला तो हाच अमेरिकी नमुना.

आपल्याकडे फुटबॉल आला तो छावणीच्या वाटेने. सिमल्यास १८८८ साली ड्युरंड चषक सुरू झाला, आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्थापना झाली. त्याचा पहिला मानकरी वूस्टरशायर रेजिमेंटची पहिली पलटण. १९०२ साली मुंबईची स्वतःची साखळी स्पर्धा, हार्वुड लीग, सुरू झाली, आणि १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन अस्तित्वात येऊन कूपरेजचे मैदान या खेळाचे मुख्य ठाणे बनले. त्याच वर्षी २९ जुलै रोजी कलकत्त्यास मोहन बागानने, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला, आणि बंगालात फुटबॉल ही राष्ट्रीय अस्मितेची गोष्ट झाली. मुंबईत असा क्षण फार उशिरा आला. रोव्हर्स चषक पहिल्या हिंदी संघाच्या हाती लागला तो १९३७ साली, आणि तो संघही मुंबईचा नव्हे, तर बंगलोर मुस्लिम्स हा होता. बंगालात मंडळे आधी जन्मली आणि त्यांच्या पाठीशी पाडे उभे राहिले. मुंबईत चषक आधी आला, मैदान आधी आखले गेले, आणि ज्याला आपला म्हणावा असा संघ मात्र शहराजवळ नव्हता. मुंबईच्या फुटबॉलमध्ये स्थानिक मालकीची जी उणीव पुढे वारंवार दिसते तिचा उगम इथे आहे.

ही उणीव काही काळ भरून काढली ती कंपन्यांनी, आणि इथे आपले तालुके या कथेत प्रत्यक्ष प्रवेश करतात. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते नळांतून घाटाखाली सोडावे आणि त्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, या टाटांच्या योजनेनुसार खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, आणि तिथून निघालेल्या तारांनी मुंबईच्या कापडगिरण्यांस शक्ती पुरविली. गिरण्या, तेलकंपन्या, बँका, रेल्वे या साऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आपापले संघ पोसले. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, मफतलाल, मध्य रेल्वे ही नावे हार्वुड लीगच्या चाहत्यांना घरच्या माणसांसारखी परिचित होती. खेळाडूस पगार मिळे तो कचेरीतल्या हुद्द्याचा. दुपारी सही करून मैदानावर जाण्याची मुभा असे, आणि पाय थकले तरी नोकरी शाबूत राही. कागदोपत्री हौशी आणि व्यवहारात निम्मा व्यावसायिक असा हा खेळाडू उद्याच्या भाकरीची चिंता न करता खेळू शके, हे या व्यवस्थेचे मोठे पुण्य होय. टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळलेले नेव्हिल डिसोझा १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आले, आणि तो सामना भारताने ४-२ असा जिंकला. त्या जोरावर भारत त्या ऑलिंपिकात चौथा आला. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषकही मुंबईत ठेवला.

परंतु कंपनीचा संघ हा कंपनीच्या मर्जीचा संघ असतो. ताळेबंदात जागा आहे तोवर तो जगतो, आणि संचालकांच्या बैठकीत एखादा ठराव झाला की विझतो. गिरण्या बंद पडत गेल्या तसतसे त्यांचे संघही मावळले. ज्या महिंद्र समूहाचा पोलाद कारखाना साठीच्या दशकात खोपोलीस उभा राहिला, त्याच समूहाने १९६२ साली मुंबईत फुटबॉलचा संघ काढला होता. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने तो देशातील अग्रगण्य संघ बनला. १९९८, २००१ आणि २००८ साली त्याने ड्युरंड चषक जिंकला.

दरम्यान देशात १९९६ च्या अखेरीस राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली होती, आणि पहिल्याच वर्षी फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने, म्हणजे पुन्हा एका गिरणीनेच, ती जिंकली. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्र युनायटेडने ते अजिंक्यपद मुंबईत आणले. मुंबईच्या संघास ते मिळाले ते एवढेच एकदा. २००७ साली या स्पर्धेचे नामांतर होऊन आय-लीग झाली. एस्सेल समूहाने मुंबई एफसी, आणि पिरामल समूहाने पुणे एफसी, असे दोन नवे संघ उभे केले, व दोघेही दुसऱ्या श्रेणीतून, पायरीने पायरी चढत वर आले. विशेषतः पुणे एफसीने २००९-१० मध्ये पदार्पणातच तिसरा क्रमांक मिळविला, २०१२-१३ मध्ये दुसरा, आणि मुलांसाठी एक उत्तम प्रबोधिनी चालविली. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी असे चार संघ एकाच वेळी सर्वोच्च श्रेणीत, असा तो महाराष्ट्राच्या फुटबॉलचा मध्यान्हकाळ होता. आणि २००९-१० च्याच मोसमाच्या अखेरीस महिंद्र समूहाने आपला संघ विसर्जित करून शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरविले. अठ्ठेचाळीस वर्षांची परंपरा एका निर्णयाने संपली, आणि तो निर्णय फिरवू शकेल असा एकही सभासद, वर्गणीदार वा पेठकरी त्या संघास नव्हता.

९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांच्या मुदतीचा, ७०० कोटी रुपयांचा करारनामा केला आणि खेळाचे सारे व्यापारी हक्क तिच्या स्वाधीन केले. क्रिकेटच्या आयपीएलने २००८ पासून जे यश मिळविले होते ते डोळ्यांपुढे होतेच. २०१३ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीगची घोषणा झाली, २०१४ च्या एप्रिलमध्ये बोली लागून आठ शहरांचे आठ धनी ठरले. मुंबई रणबीर कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेली. पुणे वाधवान समूहाकडे गेले, व त्यांच्या जोडीस इटलीचा फिओरेंटिना क्लब होता. जुने संघ या साखळीत कुठेच नव्हते. खालून वर येण्याची वाट नव्हती, वरून खाली घसरण्याची भीती नव्हती. ठरीव रक्कम भरावी आणि आपल्या शहराचा हक्क भोगावा, असा तो व्यवहार होता. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पहिला सामना झाला, आणि त्यात कलकत्त्याच्या संघाने मुंबईस ३-० असे हरविले.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १८ ऑक्टोबरच्या शनिवारी, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई आणि पुणे समोरासमोर आले. कर्जत-खालापूरच्या माणसास कूपरेजपेक्षा नेरूळ कितीतरी सोयीचे. पनवेलमार्गे गेले की ठाण्याची खाडीही ओलांडावी लागत नाही. क्रिकेटसाठी बांधलेल्या त्या भव्य मैदानावर, दिव्यांच्या झगझगाटात, आपल्याच रुळाच्या दोन टोकांची दोन शहरे फुटबॉलमध्ये झुंजत आहेत, हे दृश्य या भागातील तरुणांना सर्वस्वी नवीन होते. पुण्याच्या संघात फ्रान्सचा जगज्जेता दाविद त्रेझेगे होता. मुंबईच्या बाजूने ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झ याने तीन गोल केले, स्पर्धेच्या इतिहासातील ती पहिली हॅट्ट्रिक, आणि मुंबईने ५-० असा विजय मिळविला. त्या संध्याकाळी ज्यांनी हा खेळ पाहिला त्यांचा आनंद खरा होता, आणि नव्या लीगच्या पदरात हे श्रेय निःसंकोच घातले पाहिजे की, ज्या घरांत फुटबॉलचे नावही निघत नसे तिथे तिने तो दूरचित्रवाणीवरून पोहोचविला, मैदानांचा व प्रशिक्षणाचा दर्जा उंचावला, आणि देशी खेळाडूस प्रतिष्ठेचे वेतन मिळवून दिले. २०१५ च्या लिलावात सुनील छेत्री यांच्यासाठी मुंबईने १ कोटी २० लाख रुपये मोजले.

पण याच काळात जुन्या व्यवस्थेची पडझड सुरू होती. २०१३ साली मुंबईच्या एअर इंडिया व ओएनजीसी या दोन्ही संघांस परवान्याच्या अटी पुऱ्या न झाल्याने आय-लीगमधून वगळण्यात आले. पुण्यात कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळून थांबला. पुणे एफसी २०१५ साली बंद झाला व त्याची प्रबोधिनी सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने घेतली. पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स दोन मोसमांनंतर २०१७ साली बाहेर पडला, आणि त्याच वर्षी मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरला व पाठोपाठ विसर्जित झाला. लोकांचे डोळे आणि जाहिरातदारांचा पैसा नव्या लीगकडे वळल्यावर जुन्या संघांच्या धन्यांना खर्चाचे समर्थन उरले नाही, हे त्याचे उघड कारण. मग २०१९ साली आर्थिक अडचणीत सापडलेला एफसी पुणे सिटीही संपला. तो २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, बालेवाडीच्या सज्जात त्याचे निष्ठावंत चाहते केशरी रंग मिरवीत होते. पण २०१९ च्या ऑगस्टात त्याची साखळीतील जागा हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली, आणि पुण्याच्या चाहत्यांना कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची तरतूद त्या व्यवहारात मुळी नव्हतीच.

मुंबईचे नशीब निराळे निघाले. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने सुपर लीगमधील मुंबई सिटी या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये प्रशिक्षक सर्हिओ लोबेरा यांच्या हाताखाली या संघाने साखळीची ढाल आणि अंतिम करंडक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यास, महामारीमुळे रिकाम्या मैदानावर, बिपिन सिंग यांनी अगदी अखेरच्या मिनिटांत निर्णायक गोल केला. पुढच्या वर्षी, ११ एप्रिल २०२२ रोजी, इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाचा २-१ असा पराभव करून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. हे यश निर्विवाद आहे. पण त्याच मुंबईत त्याच्याखाली शहराच्या वस्त्यांत रुजलेल्या मंडळांची भक्कम उतरंड उभी राहिली असे म्हणवत नाही.

फ्रँचायझीच्या या व्यवहाराचा दाखला आपल्याच इतिहासात सापडतो. उत्तर पेशवाईत मुलखाचा वसूल मक्त्याने देण्याची चाल वाढली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अंमलात ती कळसास पोहोचली. ज्याची बोली अधिक त्यास मामलत; मुदत थोडी, तगादा मोठा. असा मक्तेदार विहीर खोदीत नसे, बांध घालीत नसे, कारण त्याचे फळ येईपर्यंत मामलत आपल्याकडे राहील याची त्यास शाश्वती नसे. फ्रँचायझीच्या धन्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्यांतील अनेकांनी स्वतःचे कोट्यवधी रुपये गमावले आहेत. दोष आहे तो अशा रचनेचा, की जिच्यात पैसा ओतणारा, खेळ चालविणारा आणि खेळावर प्रेम करणारा हे तिघे परस्परांपासून पूर्णपणे अलग असतात. जपानने १९९३ साली व्यावसायिक लीग सुरू केली तेव्हा त्यांचेही संघ आपल्यासारखेच कंपन्यांचे होते. पण संघाने कंपनीऐवजी गावाचे नाव घ्यावे आणि त्या गावाशी बांधून घ्यावे असा आग्रह त्यांनी धरला, आणि मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निसानचा योकोहामाचा. जर्मनीत १९९८ पासून बाहेरचे भांडवल येऊ शकते, पण मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे असा दंडक आहे.

परदेशी जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या व तालमींच्या संघांत शाहू स्टेडियमवर रंगणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग पाहण्यास आजही हजारो लोक लोटतात. तिथे लिलाव नाही, सिनेनट नाही. पण पेठेचा संघ बंद करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

खुद्द रायगड जिल्ह्यातही याचा दाखला आहे, मात्र तो दुसऱ्या खेळाचा. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत भातशेतीची खाचरे बांधांनी तुकडे तुकडे झालेली. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद अशी सपाट जागा गावात सापडणे दुरापास्त, पण १३ मीटर गुणिले १० मीटरचे कबड्डीचे मैदान कापणी झालेल्या एका खाचरात सहज मावते. जमिनीच्या या मापानेही या भागाचा खेळ ठरविला असावा. गावोगावची मंडळे, देवळासमोरचे अंगण, जत्रेतले सामने, जिल्ह्याची निवड चाचणी अशी पायऱ्यांची उतरंड कबड्डीत आधीपासून होती. म्हणून २०१४ च्याच जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, आनंद महिंद्र हे जिच्या प्रवर्तकांपैकी एक, तेव्हा तिची रचनाही फ्रँचायझीचीच असून यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे संघ टिकले. यू मुंबाने २०१५ साली, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार यांच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने २०२४ साली, अजिंक्यपद मिळविले. वर बसविलेला कळस खालच्या भिंतींनी पेलला. फुटबॉलमध्ये कळस आधी आणला गेला.

२०१० च्या करारनाम्याची पंधरा वर्षांची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत होती, आणि पुढे काय याचा निर्णय न झाल्याने २०२५ च्या जुलैत आयोजकांनी नवा मोसम स्थगित केला. सप्टेंबर उजाडला तरी देशाच्या सर्वोच्च लीगचा चेंडू हलला नाही. एका कागदाची मुदत संपत येताच शेकडो खेळाडूंचे आयुष्य टांगणीस लागावे, हा या व्यवस्थेवरचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय होय.

पलटणी गेल्या तेव्हा त्यांचे संघ गेले, गिरण्या गेल्या तेव्हा त्यांचे गेले, आणि आता मक्तेदार बदलतील तसे त्यांचेही जातील. मुंबई-पुण्यात टिकेल ते तेवढेच, ज्याच्या सभासदवहीत त्या शहरांचे व त्यांच्या आसपासच्या तालुक्यांचे लोक आहेत. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक येथे शाळांची मैदाने आहेत, रेल्वे आहे, पावसाळ्यानंतरचे आठ कोरडे महिने आहेत, आणि चेंडूमागे धावणारी मुले तर आहेतच. त्यांच्यासाठी तालुक्याची एक साधी साखळी स्पर्धा, गावांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघांची, दरवर्षी न चुकता भरणारी, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या श्रेणीशी कायद्याने जोडलेली, उभी करणे हे सुपर लीगच्या बोलीइतके खर्चाचे काम नाही. वर्गणी, वेळापत्रक आणि दहा वर्षे टिकणारी माणसे एवढे त्यास पुरते. आणि ते काम झाल्यावाचून वरच्या लीगवर ओतलेला कोणताही पैसा या खेळास महाराष्ट्रात स्थिर करू शकणार नाही.